ट्रॅक्टरवाल्याची मोटार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या सेक्रेटरींचा गेले दोन महिने तगादा होता. एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र द्या, तीन-चार पानांत बसवा, एवढीच अट. पण संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ हे सगळे मोठे लोक बाकीच्या सभासदांनी आधीच घेऊन टाकलेले. मी पडलो आयुष्यभर बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला माणूस. माझ्या वाट्याला कोण उरणार? शेवटी विषय मिळाला तो आपल्याच पार्किंगमध्ये.

गणपतीच्या मांडवाचे बांबू आले त्या दिवशी बी विंगखाली पोरांचं जोरदार भांडण चाललं होतं. एका गटाचं म्हणणं, गाडी असावी तर अमेरिकन मसल कार. मोठं इंजिन, दणदणीत आवाज, पाय दाबला की सुटली. दुसऱ्या गटाचं म्हणणं, लॅम्बोर्गिनीपुढे सगळं फिकं. आजोबा मेकॅनिक होते, म्हणून निकाल माझ्याकडे आला. रस्त्यावर चालवायला कोणती बरी? मी म्हटलं, लेखी उत्तर देतो. तेच हे उत्तर. फक्त ते एका माणसाच्या आयुष्यातून द्यावं लागेल, कारण हाच प्रश्न त्या माणसाला पडला होता आणि त्यासाठी त्यानं कारखानाच काढला. त्याचं नाव फेरुच्चो लॅम्बोर्गिनी.

पोरांना लॅम्बोर्गिनी हे गाडीचं नाव म्हणून माहीत आहे. ते एका शेतकऱ्याच्या मुलाचं आडनाव आहे, हे सांगितल्यावर दोघं-तिघं चक्क हसली.

फेरुच्चोचा जन्म २८ एप्रिल १९१६ चा, उत्तर इटलीतल्या चेंतोजवळच्या रेनात्झो या खेड्यातला. घरी शेती आणि द्राक्षांचे मळे. थोरल्या मुलानं शेती बघावी असं घरच्यांना वाटत असणार, पण या पोराचा जीव नांगरापेक्षा नांगर दुरुस्त करण्यात जास्त. यंत्रकामाचं शिक्षण झालं आणि १९४० साली त्याला इटलीच्या हवाई दलात भरती व्हावं लागलं. नेमणूक ऱ्होड्स बेटावर, वाहनदुरुस्तीच्या कामावर. बेटावर सुटे भाग येणार कुठून? ज्या गाडीचं इंजिन शाबूत तिचं इंजिन काढायचं, जिचा गिअरबॉक्स बरा तिचा गिअरबॉक्स घ्यायचा आणि दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत करायची. ज्यांनी वर्कशॉपमध्ये काम केलंय त्यांना हे कळेल. माणूस खरा मेकॅनिक होतो तो सामान नसतानाच. युद्धाच्या शेवटी बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं, फेरुच्चो युद्धकैदी झाला आणि १९४६ मध्ये घरी परतला.

घरी आल्यावर त्यानं छोटं गॅरेज टाकलं. लग्न झालं होतं. १९४७ साली मुलगा झाला, त्याचं नाव तोनिनो. पण त्या बाळंतपणात बायको क्लेलिया गेली. तिशीतला तरुण, पदरात तान्हं मूल, देश युद्धानं मोडून पडलेला. त्याच वर्षी त्यानं पहिला ट्रॅक्टर बनवला. दुःखानं त्याला कामाकडे ढकललं की काम आधीपासूनच चालू होतं, ते मी सांगू शकत नाही. पण रिकामं बसणं त्याला परवडणारं नव्हतं, एवढं नक्की.

ट्रॅक्टरमागची कल्पना मला फार आवडते. युद्धानंतर लष्करी सामान भंगारभावात मिळत होतं. मॉरिस ट्रकची इंजिनं त्यानं उचलली. पेट्रोल महाग, शेतकऱ्याला ते कसं परवडणार? म्हणून त्यानं अशी युक्ती बसवली, की इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की स्वस्त डिझेलवर टाकायचं. आपल्याकडे शेतातले रॉकेलचे पंप ज्यांनी पाहिलेत त्यांना हा प्रकार नवा नाही. पेट्रोलवर सुरू, मग रॉकेलवर. गरज सारखी असली की अक्कलही सारखीच चालते. १९४८ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी उभी राहिली, पुढं बर्नर आणि एअरकंडिशनर यांचाही कारखाना निघाला. दहा-बारा वर्षांत फेरुच्चो श्रीमंत झाला.

मधल्या काळात एक उद्योग त्यानं करून बघितला. फियाटची छोटी तोपोलिनो गाडी, तिचं इंजिन वाढवून ७५० सीसी केलं आणि १९४८ च्या मिल्ले मिल्या या प्रसिद्ध शर्यतीत उतरला. सुमारे ११०० किलोमीटर गेल्यावर गाडी एका खानावळीच्या भिंतीत घुसली. शर्यतीची हौस तिथंच फिटली. पुढं स्वतःच्या मोटारींचा कारखाना काढल्यावरही त्यानं शर्यतीत उतरायचं नाही असंच धोरण ठेवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पैसा आल्यावर त्यानं गाड्या घेतल्या. मर्सिडीज, जॅग्वार, मासेराती, आणि अर्थात फेरारी. फेरारीचा कारखाना मारानेल्लोला, त्याच्या भागापासून तासाभराच्या अंतरावर. एन्झो फेरारी हा खानदानी शर्यतवाला. रस्त्यावरच्या गाड्या विकायच्या त्या शर्यतीचा खर्च भागावा म्हणून, असा त्याचा हिशेब. त्यामुळे गाडी पळायची छान, पण आत आवाज, धक्के आणि जेमतेम गादी. फेरुच्चोच्या गाडीचा क्लच तर सारखा जायचा. कारखान्यात न्यावी तर तिथले लोक गाडी आत घेऊन जात आणि मालकाला तासन् तास बाहेर ठेवत. काय केलं ते सांगायचं नाही, बघू द्यायचं नाही.

फेरुच्चो पुढं आयुष्यभर ही हकिगत सांगत असे. त्यानं आपल्याच वर्कशॉपमध्ये तो क्लच उघडला तर काय, आपल्या ट्रॅक्टरला बसतो त्याच जातीचा! मग ट्रॅक्टरच्या सामानातला दणकट क्लच टाकला आणि दुखणं संपलं. एन्झो फेरारीला जाऊन त्यानं हे सांगितलं, तेव्हा एन्झोनं त्याला सुनावलं, की तुला ट्रॅक्टर चालवता येतो, फेरारी चालवणं तुझं काम नाही. त्या संतापात फेरुच्चोनं ठरवलं, की आता गाडीच काढायची.

नुसता संताप असता तर चार दिवसांत ओसरला असता. तो व्यापारीही होता. ट्रॅक्टरला लागतात तेच भाग भारी मोटारीत घातले तर नफा कितीतरी पट जास्त, हे त्यानं हेरलं होतं. १९६३ मध्ये सांताआगाता बोलोन्येझे या गावी त्यानं नवाकोरा कारखाना उभा केला. जन्मरास वृषभ, म्हणून गाडीवर बैलाचं चिन्ह. फेरारीचा उधळलेला घोडा आणि समोर शिंगं रोखलेला बैल. आपल्याकडे पोळ्याला ज्याची पूजा होते तो राबणारा बैल वेगळा आणि हा झुंजीचा वेगळा, पण मला वाटतं शेतकऱ्याच्या पोराला घोड्यापेक्षा बैलच जवळचा वाटला असणार.

इंजिनासाठी त्यानं जोत्तो बिझ्झारिनी या इंजिनिअरला गाठलं. हा माणूस फेरारीकडूनच बाहेर पडलेला. त्यानं साडेतीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन काढून दिलं, पण ते शर्यतीच्या स्वभावाचं. फेरे फार मोठे, ताकद सगळी वरच्या टोकाला. फेरुच्चोला ते नको होतं. जाम्पाओलो दाल्लारा या तरुण इंजिनिअरकडून त्यानं ते इंजिन मवाळ करून घेतलं. साडेतीनशेच्या वरची अश्वशक्ती २८० च्या आसपास आणली, म्हणजे रोजच्या रस्त्यावर चालेल आणि टिकेल. आता विचार करा. नवी कंपनी, समोर फेरारीसारखा प्रतिस्पर्धी, आणि हा माणूस आपणहून ताकद कमी करून घेतोय! ज्याला गाडी रस्त्यावर चालवायची आहे तोच असं करील.

१९६३ च्या तुरीनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडली तेव्हा इंजिन बॉनेटखाली बसेना. मग गाडी इंजिनाशिवायच ठेवली. वजन बरोबर दिसावं म्हणून आत फरशांची खोकी घातली आणि बॉनेट काही कोणाला उघडू दिलं नाही. आपल्याकडे लग्नघरी ऐन वेळी जी धावपळ होते त्यातलाच प्रकार. पुढच्या वर्षी ३५० जीटी ही गाडी विक्रीला आली. चारही चाकांना डिस्क ब्रेक, चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, आत चांगलं चामडं, आणि आवाज बेताचा.

आता पोरांचा दुसरा गट म्हणेल, आमच्या अमेरिकन गाडीचं काय? तर त्याच १९६४ सालात तिकडे काय चाललं होतं ते बघा. एप्रिलमध्ये फोर्डनं मस्टँग आणली आणि पहिल्या वर्षात चार लाखांच्या वर विकली. त्याच सुमारास पाँटिॲकनं एक मध्यम आकाराची साधी घरगुती गाडी घेतली आणि तिच्यात ६.४ लिटरचं मोठं व्ही-८ इंजिन कोंबलं. मसल कारचा धडाका खऱ्या अर्थानं इथून सुरू झाला असं मानतात. गाडीचं नाव ठेवलं जीटीओ. तेही फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेलं, आणि फेरारीची ती गाडी घडवण्यात हाच बिझ्झारिनी होता. म्हणजे एकाच माणसाच्या कामाचं नाव अमेरिकेत गेलं आणि इंजिन लॅम्बोर्गिनीत.

हे इंजिन मी जवळून बघितलंय. माझा मुलगा डेट्रॉईटजवळ नोकरीला आहे. एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे होतो, तेव्हा त्यानं वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा दाखवायला नेलं. दरवर्षी भरतो. रुंद, सपाट, सरळ रस्ता आणि सिग्नलमागून सिग्नल. मुलाच्या शेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला त्याच्या जुन्या जीटीओत बसवलं. आमची भाषा एक नव्हती, पण स्पॅनर दोघांनीही धरलेला, त्यामुळे अडलं नाही. सिग्नल हिरवा झाला, त्यानं पाय जरा दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. या इंजिनाची पूर्ण ओढ मिनिटाला ३२०० फेऱ्यांनाच मिळते, म्हणून गावातल्या गर्दीत गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. बॉनेट उघडलं तर आत दोन्ही हात घालायला जागा. एकच कॅमशाफ्ट, सरळ मांडणी. आपल्याकडचा कुठलाही ट्रकचा मिस्त्री दोन दिवसांत शिकेल.

पण वळण आलं तेव्हा पोटात गोळा आला. पुढं जड इंजिन, मागं कॉइल स्प्रिंगांचं सस्पेन्शन आणि सरळ आखा, आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. सपाट वुडवर्डवर ठीक. हीच गाडी आपल्या वरंध घाटात उतरवा, चौथ्या वळणाला ब्रेक तापून धरेनासे होतील. आकड्यांचंही एक गंमत म्हणून सांगतो. त्या काळी अमेरिकेत अश्वशक्ती मोजायचे ती इंजिन टेबलावर मोकळं ठेवून, सायलेन्सर वगैरे न लावता. १९७२ च्या मॉडेलांपासून गाडीत बसलेल्या इंजिनाची मोजायला लागले आणि कागदावरचे घोडे एकदम कमी झाले.

त्याच मेळ्यात एका कडेला एक लॅम्बोर्गिनी एस्पादा उभी होती. १९६८ ची जात, चार माणसं नीट बसतील अशी. मालकानं बॉनेट उघडून सहा वेबर कार्बोरेटर दाखवले. सहाच्या सहा एका सुरात आणायला त्याला अख्खा दिवस लागतो म्हणे. सुरात आली की मात्र इंजिन कसं सतारीसारखं! जीटीओचा ढोल आणि एस्पादाची सतार, दोन्ही एका दुपारी ऐकायला मिळालं. गाड्या रस्त्यांसारख्या असतात, हे मला तेव्हा पटलं. अमेरिकेचा रस्ता सरळ, पेट्रोल स्वस्त, गाडी घेणारा कारखान्यातला तरुण कामगार. इटलीत डोंगरातली वळणं, पेट्रोल महाग, आणि अशी गाडी घेणारा धनिक. मसल कार साधारण तीन हजार डॉलरला मिळायची, तेव्हा लॅम्बोर्गिनीच्या मिउरा गाडीला वीस हजारांच्या आसपास मोजावे लागत.

मिउराची गोष्ट राहिलीच. फेरुच्चोच्या कारखान्यातल्या तरुण इंजिनिअरांनी कामाच्या वेळेबाहेर बसून एक आराखडा केला. बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागं, तेही आडवं. मालकाला हे शर्यतीचं खूळ वाटलं, पण जाहिरात होईल म्हणून त्यानं हो म्हटलं. बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीनं अंगकाठी दिली आणि १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात लोक वेडे झाले. उंची जेमतेम १०५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या कमरेएवढी. वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण केबिन तापायची, इंजिनाचा आवाज थेट कानात, सामानाला जागा नावाला, आणि फार वेगात पुढचं तोंड हलकं व्हायचं. गावात चालवायला शिक्षाच. फेरुच्चोनं ज्या तक्रारी फेरारीबद्दल केल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच आता त्याच्याच गाडीबद्दल करता आल्या असत्या. आणि नाव झालं ते तिचंच! त्याची मनाजोगती ३५० जीटी किती पोरांना माहीत आहे? आपल्या पार्किंगमध्ये तर एकालाही नव्हती.

पुढं दिवस फिरले. बोलिव्हियाच्या सरकारकडून आलेली ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द झाली. कारखान्यात कामगारांचे संप, बँकेचं ओझं. ट्रॅक्टरची कंपनी विकावी लागली. १९७२ मध्ये मोटार कंपनीचे ५१ टक्के गेले, १९७४ मध्ये उरलेलेही. १९७३ च्या तेलसंकटानं सगळ्याच मोठ्या इंजिनांची कंबर मोडली. अमेरिकेत धुराचे कायदे आणि विम्याचे हप्ते यांनी मसल कार आधीच टेकीला आणली होती, जुनी जीटीओही १९७४ लाच बंद झाली. ढोल आणि सतार एकदमच थांबले म्हणायचे.

फेरुच्चो मात्र थांबला नाही. उंब्रियात त्राझिमेनो तलावाकाठी जमीन घेतली आणि पुन्हा द्राक्षं लावली. वडिलांचाच धंदा. वाइन काढली तिला नाव दिलं मिउराचं रक्त. तिकडे त्याच्या नावाची कंपनी हातोहात फिरत राहिली आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरनं ती घेतली. ज्या दोन जातींवरून पोरं भांडतात त्यांचं असं सोयरंही एकदा झालं होतं. २० फेब्रुवारी १९९३ ला वयाच्या ७६ व्या वर्षी फेरुच्चो गेला. रेनात्झोच्या मातीतच त्याला पुरलं.

आता मी हाच माणूस का निवडला ते सांगतो, म्हणजे लेख पुरा होईल.

नोकरीतली गोष्ट आहे. एक वयस्क ड्रायव्हर माझ्याकडे तीनदा तक्रार घेऊन आला, की गाडीचा क्लच घसरतोय. मी हेड मेकॅनिक. दोनदा बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा चार पोरांसमोर त्याला म्हणालो, की क्लच ठीक आहे, तुमचाच पाय त्याच्यावर असतो, आधी गाडी चालवायला शिका. त्याची तीस वर्षं ड्रायव्हिंगमध्ये गेलेली. तो काही बोलला नाही, फॉर्मवर सही करून गाडी घेऊन गेला. आठवड्यानं तीच गाडी भर पावसात घाटाच्या चढावर भरल्या प्रवाशांसह उभी राहिली. मागं सरकायला लागली तेव्हा त्यानं शिताफीनं कडेच्या दरडीला टेकवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ते त्याच्यामुळे. उघडून बघितलं तर प्रेशर प्लेटला तडा गेलेला. बाहेरून दिसणारा नव्हता, पण तीनदा सांगितल्यावर उघडायला काय हरकत होती?

मी त्याची माफी मागितली नाही. उद्या मागू, परवा मागू असं करता करता तो रिटायर झाला आणि वर्षभरात गेला. पुढं कधीतरी फेरुच्चोची हकिगत वाचनात आली, तेव्हा सगळे वाचक ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूनं असतात तसा मीही होतो. आणि एकदम लक्षात आलं, की या गोष्टीत मी ट्रॅक्टरवाला नाही, मी समोरचा आहे. माझ्या ड्रायव्हरकडे कारखाना काढायला पैसे नव्हते एवढाच फरक. हे मी घरातही बोललो नव्हतो. इथं लिहून टाकतो.

तर पोरांनो, निकाल असा. गावातल्या रस्त्यावर, सिग्नलच्या गर्दीत, स्वतः दुरुस्त करायची असेल तर अमेरिकन गाडी बरी. वळणाच्या लांब रस्त्यावर, नीट निगा राखणाऱ्याच्या हातात युरोपियन गाडी बरी, पण ३५० जीटी किंवा एस्पादासारखी, पाठीत इंजिन घेऊन जमिनीला चिकटलेली नव्हे. आणि आपल्या गेटसमोरच्या गतिरोधकावर दोन्ही बेकार. गेल्या दिवाळीत एका पाहुण्याची बुटकी गाडी त्यावर कशी टांगली गेली आणि वॉचमनसकट सहा जणांनी कशी उचलली, ते सगळ्यांनी पाहिलंय.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी पार्किंगमध्ये अकरा स्कूटर आणि दोन गाड्या होत्या, आता गाडी लावायला रात्री फेऱ्या माराव्या लागतात. मीटिंगमध्ये कोणी गळतीची, लिफ्टची, पाण्याची तक्रार तिसऱ्यांदा घेऊन आला, तर कमिटीनं आणि आपण सगळ्यांनीच एकदा ती उघडून बघावी, एवढीच या म्हाताऱ्या मेकॅनिकची विनंती. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.